अंदमान सरकारी बोटीने आणि बसने: ‘अशक्य’ म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

लांबपल्ला

‘सहकुटुंब’ यांनी आपल्या अंदमान सहलीच्या लेखाच्या शेवटी असा सल्ला दिला आहे की, “तिथे सार्वजनिक वाहतूक नावालाच आहे, पॅकेज घ्या, नाहीतर जाऊ नका.” लेख वाचनीय होता, पण हे वाक्य मला फार लागले. पॅकेजचा खर्च न झेपणारी कितीतरी मराठी माणसे सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी एकदा पाहावी म्हणून वर्षानुवर्षे पैसे साठवत असतात आणि असा एखादा सल्ला वाचून तो बेत कायमचा सोडून देतात. म्हणून हे उत्तर.

श्रीविजयपुरम, म्हणजे 2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, येथील फिनिक्स बे धक्क्यावरून स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) येथे सरकारी बोटी जातात. खासगी बोट दीड-दोन तासांत पोहोचवते, सरकारी बोटीला साधारण अडीच तास लागतात. त्या जास्तीच्या वेळात डेकवर उभे राहून समुद्र पाहता येतो, तर बहुतेक खासगी बोटींत बंद काचेच्या वातानुकूलित केबिनमध्ये बसून राहावे लागते. हॅवलॉकच्या धक्क्याबाहेर बस मिळते आणि ती गोविंदनगर, विजयनगर, राधानगर या वस्त्यांना जाते. तिथे गावांना क्रमांकांनी ओळखतात, त्यामुळे ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’, ‘सात नंबर’ एवढे सांगितले तरी कंडक्टरला समजते. नील एवढे लहान आहे की भाड्याची सायकल पुरते. श्रीविजयपुरममध्ये अबर्डीन बाजारातून सेल्युलर जेलला चालत जाता येते, वंडूर आणि चिडियाटापूला बस आहे, आणि चॅथमहून बांबूफ्लॅटला जाणारी फेरीबोट तर तेथील लोकांची रोजची वाट आहे.

ज्या प्रदेशात हजारो लोक रोज याच साधनांनी शाळेत, बाजारात आणि कामाला जातात, तिथे वाहतूक ‘नावालाच’ आहे असे लिहिणे त्या लोकांवरही अन्याय करणारे आहे.

सहकुटुंब

माझे वाक्य आपण उद्धृत केलेत, पण ते कोणाला उद्देशून होते ते सोडून दिलेत. माझ्यासोबत आई-वडील होते. वडिलांचे गुडघे अधू आहेत, आणि भरतीनुसार वरखाली होणाऱ्या बोटीवरून धक्क्यावर पाऊल टाकताना दोन माणसांनी त्यांना धरावे लागत होते. अशा वेळी बाहेर आपल्या नावाची पाटी घेऊन गाडीवाला उभा असणे ही चैन नाही.

दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलेच आहे. त्यामुळे थंडीच्या दिवसांत तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बघता बघता काळोख होतो. राधानगरचा किनारा पाहायला लोक जातात ते सूर्यास्तासाठीच. तो पाहून झाल्यावर गोविंदनगरपर्यंत परतायला बस मिळेल याची हमी आपण देता का? आम्ही तिथे होतो तेव्हा एक तरुण जोडपे काळोखात रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या प्रत्येक जीपला हात करत होते. शेवटी आमच्याच गाडीने त्यांना परत आणले. त्यांनीही कुठेतरी असाच ‘बस आहे की!’ असा सल्ला वाचला असणार.

दर्यावर्दी

दोघांनीही बेटावर पोहोचण्याचा भाग विमानावर सोडून दिला आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून श्रीविजयपुरमला प्रवासी जहाजे जातात. चेन्नईपासूनचे अंतर सुमारे 1,190 किलोमीटर असून प्रवासाला अडीच-तीन दिवस लागतात. मी बंक वर्गाने, म्हणजे सामाईक बिछान्यांच्या स्वस्त वर्गाने, गेलो होतो. खाली इंजिनाची अखंड घरघर, वर ओळीने लावलेल्या बिछान्यांवर सुट्टीसाठी घरी निघालेले मजूर आणि विद्यार्थी, आणि सगळ्यांचे डबे एकमेकांपुढे उघडलेले. वेळापत्रक फार आधी जाहीर होत नाही, त्यामुळे रजा मोजून घेणाऱ्या नोकरदाराने या वाटेला जाऊ नये. पण ज्याच्याजवळ वेळ आहे त्याने ‘अंदमानला विमानाशिवाय जाताच येत नाही’ असे तरी मानू नये.

बेटावरून

नोकरीनिमित्त मी अनेक वर्षे श्रीविजयपुरममध्ये राहतो आणि अशा चर्चा वाचून मला दर वेळी खेद होतो. ‘लांबपल्ला’ यांनी सरकारी बोटीचे कौतुक केले, परंतु ती बोट कोणासाठी आहे याचा त्यांच्या लेखात उल्लेख नाही. ती आयलंडरसाठी, म्हणजे इथे कायम राहणाऱ्या बेटवासीयांसाठी आहे. म्हणूनच बेटवासीयांसाठी तिकिटाचा दर वेगळा व कमी आहे. नीलहून निघणाऱ्या बोटीत आधी भाजीची पोती चढतात, कारण नीलची भाजी श्रीविजयपुरमच्या बाजारात विकली जाते. हॅवलॉकहून निघणाऱ्या बोटीत अंगावर शाल गुंडाळलेला एखादा रुग्ण असतो, कारण मोठ्या उपचारांसाठी त्याला इथेच यावे लागते. आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना हंगामात दोन वेळा तिकीट मिळाले नाही आणि मुलीच्या बाळंतपणाला त्या उशिरा पोहोचल्या. पर्यटकाची एक सकाळ चुकली तर त्याला दुसरी, थोडी महाग बोट मिळते. त्या बाईंना ती परवडत नाही.

स्वस्तात फिरण्याची इच्छा मला समजते, पण दुसऱ्याच्या गरजेच्या जागेवर बसून केलेली काटकसर मला पटत नाही.

लांबपल्ला

आपल्या शेजारणीबद्दल वाईट वाटले, पण त्यावरून पर्यटकाला अपराधी ठरवणे मी मान्य करणार नाही. बिगर-आयलंडरसाठी वेगळा, जास्त दर ठेवला आहे याचाच अर्थ त्यांना बोटीत जागा आहे. तो दर भरून मी रांगेत उभा राहिलो तर मी कोणाची जागा बळकावली? बोटी कमी असतील तर मागणी बोटी वाढवण्याची हवी, कमी पैशांच्या माणसाला घरी बसवण्याची नव्हे. शिवाय पॅकेजवाल्या पाहुण्यांसाठी बेटावर जितक्या गाड्या धावतात त्यांचा त्रास बेटवासीयांना होत नाही काय? मी उत्तरेकडचे बाराटांग बेटसुद्धा सरकारी बसनेच केले आणि चुनखडीच्या गुहा पाहून आलो. माझ्यामुळे रस्त्यावर एकही जास्तीची गाडी आली नाही.

अरण्यवाचक

मी इथे फक्त वाचत होतो, पण बाराटांगचा उल्लेख इतक्या सहज झाल्यावर गप्प बसणे शक्य नाही.

बाराटांगला जाणारा रस्ता म्हणजे अंदमान ट्रंक रोड, आणि तो जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण नियमाने ते जंगल त्यांच्यासाठी राखलेले आहे. 2011 च्या जनगणनेत जारवांची संख्या पाचशेहूनही कमी होती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ते बाहेरच्या लोकांच्या जवळ येऊ लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. मे 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जंगलातील रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला, तरी रस्ता आजही चालू आहे. 2012 मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पोहोचली आणि देशाची मान खाली गेली. तेव्हाही ‘आम्ही फक्त गुहा पाहायला गेलो होतो’ असेच सगळे सांगत होते.

जंगलाच्या तोंडाशी असलेल्या जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे अंधारात गाड्यांची रांग लागते, ती पाहिलेल्याला मी काय म्हणतो ते कळेल. नावे लिहून घेतात, थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचे नाही असे बजावतात, आणि मग ताफा सुटतो. ताफा सुटताच प्रत्येक खिडकीला चेहरे चिकटतात. ते झाडे पाहण्यासाठी चिकटलेले नसतात. तिथे रस्त्याकडेला उभे राहणारे जारवा मूल हे प्रेक्षणीय स्थळ नाही, आणि ते पाहायला तुम्ही बसने गेलात की गाडीने, याने काहीही फरक पडत नाही.

सहकुटुंब

पॅकेजमध्ये बाराटांग होते, तरी आम्ही ते वगळले आणि तो दिवस वडिलांच्या विश्रांतीला दिला. त्यामुळे या बाबतीत पॅकेजवाल्यांना बोल लावण्यापूर्वी ‘लांबपल्ला’ यांनी आधी स्वतःच्या बसप्रवासाचे उत्तर द्यावे.

लांबपल्ला

उत्तर देतो. त्या बसमध्ये उत्तरेकडच्या मायाबंदर आणि दिगलीपूरला घरी निघालेले लोक होते. माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा दप्तर मांडीवर घेऊन झोपला होता. जंगल सुरू झाल्यावर कंडक्टरने खिडक्या लावायला सांगितल्या आणि कोणी काही बोलले नाही, कारण त्यांच्यासाठी तो घरचा रस्ता आहे. मिडल स्ट्रेट या खाडीपाशी बस फेरीबोटीवर चढली, पलीकडे उतरली आणि उत्तरेकडे निघून गेली. मी नसतो तरी ती गेलीच असती. फक्त पर्यटकांसाठी ताफ्यात येणाऱ्या मोटारींची तुलना या बसशी करणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते. ‘अरण्यवाचक’ यांनी दोन्ही एकाच मापाने मोजून त्या मुलावरही आरोप केला आहे.

अरण्यवाचक

मी त्या मुलावर आरोप केलेला नाही, आणि माझ्या तोंडी असे शब्द घालू नयेत ही विनंती. तो मुलगा घरी जात होता आणि आपण गुहा पाहायला जात होता. रस्ता ज्यांच्यासाठी अपरिहार्य आहे त्यांच्या आडोशाला उभे राहून आपली हौस अपरिहार्य ठरत नाही. उत्तर अंदमान पाहायचेच असेल तर रंगतपर्यंत बोट आहे आणि ती हॅवलॉक-नीलशीही जोडलेली आहे. सार्वजनिक वाहतुकीचा एवढा पुरस्कार करता, तर त्या बोटीचे नाव आपल्या लेखात का नाही?

बेटावरून

इथे मला दोघांच्याही मध्ये बोलावे लागेल. रस्ता पूर्ण बंद करा असे मुख्य भूमीवर बसून म्हणणे सोपे आहे. समुद्र खवळतो तेव्हा बोटी रद्द होतात, आणि रंगत, मायाबंदर, दिगलीपूर येथील आजारी माणसाला तोच रस्ता उरतो. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉकवर शेकडो पर्यटक अडकले आणि नौदलाला जहाजे पाठवून त्यांना आणावे लागले. पर्यटकांची बातमी झाली. पावसाळ्यात बेटवासी असे अडकतात तेव्हा त्यांची बातमी होत नाही.

पण ‘अरण्यवाचक’ यांचा मुख्य मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. आमच्याकडे येणारे पाहुणे ‘बाराटांगला जारवा दिसतात का हो?’ असे पहिल्याच दिवशी विचारतात. गुहांबद्दल नंतर विचारतात. मी आता पाहुण्यांना तिथे पाठवणे बंद केले आहे, बसनेही आणि गाडीनेही.

मध्यमवर्गीय

मूळ प्रश्न बाजूला पडला आहे. डिसेंबरात पत्नी आणि दोन मुलांसह जायचे आहे, पॅकेज परवडत नाही, बाराटांग करायचे नाही असे वरचे वाचून ठरवले आहे. मग सरकारी बोट घेऊ की नको?

बेटावरून

डिसेंबर हा गर्दीचा महिना आहे, म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. हॅवलॉक-नीलसाठी खासगी बोटीचे तिकीट आधी काढा, सर्वांत खालच्या वर्गाचे काढा. तेवढा एकच खर्च वाढवा आणि बेटांवर बसने, सायकलने, चालत फिरा. बसमध्ये तुमच्यामुळे कोणाची अडचण होत नाही, फार तर एखादी अंड्यांची टोपली मांडीवर घ्यावी लागेल.

लांबपल्ला

गर्दीच्या महिन्यापुरते हे मी स्वीकारतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जागा शिल्लक असतील तर सरकारी बोटीने जाण्यात काहीही गैर नाही, यावर मी ठाम आहे.

सहकुटुंब

म्हणजे बसने फिरता येते एवढे मलाही मानावे लागेल, धडधाकट माणसांपुरते. पण राधानगरहून काळोखात परत येण्याच्या प्रश्नाला अजून कोणीही उत्तर दिलेले नाही, आणि ‘मध्यमवर्गीय’ यांच्यासोबत मुले आहेत.

बेटावरून

फेऱ्यांच्या वेळा बदलतात, म्हणून इथे लिहिलेल्या वेळेवर विसंबू नका. सकाळी ज्या बसने राधानगरला जाल तिच्या कंडक्टरलाच परतीची शेवटची फेरी विचारा. ती सूर्यास्ताआधी असेल तर परतीसाठी ऑटो किंवा जीप दुपारीच ठरवून ठेवा, भाडे आधी बोलून घ्या आणि चालकाचा फोन नंबर लिहून घ्या, कारण किनाऱ्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.