रविवारचं लस शिबिर : डोस शंभर, नावं १५८

गुरुवार, १० जून २०२१

जगताप, सेक्रेटरी (सकाळी ९:०४)
सर्वांना नमस्कार 🙏 रविवारी १३ तारखेला क्लबहाऊसमध्ये लसीकरण शिबिर नक्की झालं आहे. कोविशिल्ड. आपण दीडशे डोस मागितले होते, हॉस्पिटलकडून शंभरचंच पक्कं आलं. दर ७८० रुपये. आधी त्यांनी ९०० सांगितले होते, पण परवा केंद्राने कमाल दर ठरवून दिला: लस ६००, जीएसटी ३०, सेवाशुल्क १५०. त्यावर एक रुपया घेता येत नाही. फॉर्मवर नावं आली आहेत १५८. आधी कोण, हे आज रात्रीपर्यंत ठरवायचं आहे. मुद्द्याचं बोला, आणि आज गुड मॉर्निंगचे फोटो नकोत.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (९:११)
ठरवायचे काय त्यात? ज्येष्ठ नागरिक प्रथम. माझा पहिला डोस २० मार्चला झाला. दुसऱ्यासाठी मे महिन्यात केंद्रावर गेलो तर दारावर 'लस संपली' असा फलक. मग १३ मेला सरकारने अंतरच वाढवून १२ ते १६ आठवडे केले. लस नाही तेव्हा नियम बदलायचा, ही युक्ती चांगली आहे. माझे ८४ दिवस शनिवारी पूर्ण होतात. रविवारी पहिला नंबर माझा व सौ.चा लिहून ठेवावा.

रोहित, बी-७०३ (९:१५)
काका, आदर आहे, पण तुम्हाला महापालिकेच्या केंद्रावर फुकट मिळते. १८ ते ४४ वाल्यांचं राज्याने १२ मेपासून बंदच केलं. सगळा साठा ४५ च्या पुढच्या दुसऱ्या डोसला वळवला. आम्हाला खासगी हॉस्पिटलशिवाय पर्याय नाही, आणि तिथले स्लॉट ओटीपी येईपर्यंत गायब होतात. शिबिर आमच्यासाठीच हवं.

तुपे काका, सी-००२ (९:१९)
रोहितराव, मे महिन्यात तुम्ही वेल्ह्याला जाऊन आलात ना लस शोधत? ग्रुपवरच लिहिलं होतं तुम्ही.

रोहित, बी-७०३ (९:२०)
गेलो होतो. स्लॉट दिसला, बुक केला. नंतर केंद्रावरून मेसेज, सेशन रद्द. काय चुकलं? लसीकरणाला जायला परवानगी होती.

तुपे काका, सी-००२ (९:२६)
चुकलं कोण म्हणतंय. पण माझी बहीण दिलीय पुरंदरला. तिथल्या आरोग्य केंद्रासमोर सकाळी सगळ्या शहरातल्या गाड्या. गावातली माणसं कट्ट्यावर बसून बघत होती. त्यांच्याकडे ना स्मार्टफोन, ना रेंज. बाकी लोकांना जिल्ह्याबाहेर मयताला जायचं तर ई-पास काढावा लागत होता.

मंजिरी काकू, ए-६०१ (९:३१)
माझं जरा वेगळं आहे. लेकीला ब्रिटनमध्ये लीड्सला ॲडमिशन मिळाली आहे. पहिला डोस ६ मेला झाला. आता परदेशी शिकायला जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरा देतात असं कळलं. तिला रविवारी आधी घ्या, प्लीज. तिचं करिअर आहे.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (९:३४)
करिअर तरुणांचे, फुप्फुसे आमची.

डॉ. शेख, बी-२०४ (१०:४८)
राऊंड संपवून आत्ता बघतेय. एकेक सांगते.

मंजिरीताई, ७ जूनला केंद्राने काढलेली कार्यपद्धती (एसओपी) शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणाऱ्यांसाठी आहे. फक्त कोविशिल्ड, आणि ३१ ऑगस्टपर्यंत प्रवास असेल तरच. त्यासाठी जिल्ह्यात नेमलेला अधिकारी कागद तपासतो आणि सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर चढवतो. सोसायटीच्या शिबिरात तिचं नाव टाकलं तर कोविन, म्हणजे सरकारची लस नोंदणीची वेबसाइट, ८४ दिवस झाले नाहीत म्हणून नाकारेल. तिने ॲडमिशनचं पत्र आणि पासपोर्ट घेऊन महापालिकेकडेच जावं.

आजोबा, अंतर वाढवण्यात टंचाईचा हात नव्हता असं मी म्हणणार नाही. पण आधारही होता. फेब्रुवारीत लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात दोन डोसमध्ये १२ आठवडे ठेवले तर परिणामकारकता ८१ टक्के, सहापेक्षा कमी ठेवले तर ५५. अडचण नंतर आली. आता जो डेल्टा म्हणतात त्याच्यापुढे एक डोस फार टिकत नाही, ब्रिटनच्या आकड्यांत लक्षणं असलेल्या आजारापासून जेमतेम ३३ टक्के संरक्षण. म्हणून त्यांनी मे महिन्यात पन्नाशीच्या पुढच्यांचं अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं. तेव्हा ज्यांचे ८४ दिवस झालेत त्यांचा दुसरा डोस आधी, हे माझंही मत. वयाच्या मानासाठी नाही, अर्धवट संरक्षणावर फिरताय म्हणून.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (१०:५३)
आभारी आहे. मानासाठी दिला असता तरी चालले असते.

मंजिरी काकू, ए-६०१ (११:०२)
थँक्यू डॉक्टर. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच निघायचं आहे, कारण उतरल्यावर १० दिवस त्यांच्या हॉटेलात डांबून ठेवणार. त्याचे १,७५० पौंड आमच्याच खिशातून. लस घेतलेली असली तरी सुटका नाही.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (११:०८)
हेच मी म्हणतो. १२ जानेवारीला पहाटे आपल्या मांजरीच्या सिरमच्या कारखान्यातून लसीचे ट्रक पूजा करून निघाले. मार्चमध्ये त्याच सिरमचे पन्नास लाख डोस ब्रिटनला गेले. आणि २३ एप्रिलपासून आपण त्यांच्या प्रवासबंदीच्या लाल यादीत! तिकडे अमेरिकेत माझ्या तेरा वर्षांच्या नातवाला फायझर मिळाली. इथे कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहून आम्ही रांगेत.

डॉ. शेख, बी-२०४ (११:१४)
लाल यादी लसीमुळे नाही, व्हेरियंटमुळे आहे. आणि अशा बंदीने थोडा वेळ मिळतो, इतकंच. ब्रिटनने यादीत टाकायचं १९ एप्रिलला जाहीर केलं आणि लागू केलं २३ ला. मधल्या चार दिवसांत विमानं भरभरून गेली. आज त्यांच्याकडे डेल्टाच जोरात आहे. नातवाबद्दल मात्र तुम्ही म्हणता तेच जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस मे महिन्यात म्हणाले: श्रीमंत देशांनी मुलांना देण्याआधी ते डोस गरीब देशांना द्यावेत.

वंदना, सी-२०२ (दुपारी १२:४०)
लंचमध्ये वाचतेय. आपल्या लाल यादीबद्दल कोणी बोलणार आहे का? १ जूनपासून गेटवर बोर्ड आहे, 'लस न घेतलेल्या कामगारांना प्रवेश नाही'. आमच्या मावशी ३४ वर्षांच्या. महापालिका त्यांच्या वयाला देत नाही. खासगीत ७८०. आमच्याकडे पोळ्यांचे महिन्याला बाराशे घेतात. शिबिराच्या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकानाच नाही. मग लस आणायची कुठून त्यांनी?

निखिल, ए-४०३ (१२:४४)
वंदनाताई, बोर्ड सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे. त्या पाच-सहा घरी जातात.

वंदना, सी-२०२ (१२:४९)
एप्रिलमध्ये ए विंगला मायक्रो कंटेनमेंटचा, म्हणजे ये-जा बंदीचा, बोर्ड लागला तेव्हा मावशी दहा दिवसांपासून येतच नव्हत्या. पाचच्या वर पेशंट झाले ते कुठून आले ते सगळ्यांना माहीत आहे. आणि निखिल, गेल्या रविवारी ताम्हिणीचा फोटो स्टेटसला कोणी ठेवला होता? परत आलात तेव्हा गेटवर कोणी काही विचारलं?

निखिल, ए-४०३ (१२:५०)
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

निखिल, ए-४०३ (१२:५३)
सोमवारपासून ई-पास लागत नाही, फक्त लेव्हल पाचच्या, म्हणजे सर्वात कडक निर्बंधांच्या, जिल्ह्यासाठी लागतो. बेकायदेशीर काही केलेलं नाही.

तुपे काका, सी-००२ (१२:५८)
सोमवारपासून नाही लागत. तुम्ही गेलात रविवारी 😄

रोहित, बी-७०३ (१:०६)
विषय भरकटतोय. मावशींना द्यायला कोणाचाच विरोध नसेल, पण शंभरात? मोदींनी सोमवारीच जाहीर केलंय, २१ जूनपासून १८ च्या वर सगळ्यांना केंद्राकडून फुकट. अकरा दिवस थांबू दे त्यांना.

वंदना, सी-२०२ (१:०९)
थांबतील. पगार तुम्ही देणार का अकरा दिवसांचा? तुम्ही मार्च २०२० पासून घरून काम करताय. थांबायचंच तर तुम्हाला सोपं आहे.

डॉ. शेख, बी-२०४ (१:२०)
वंदना म्हणते ते साथीच्या हिशेबानेही बरोबर आहे. १६ जानेवारीला देशात सुरुवात झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांपासून, फेब्रुवारीत पोलीस आणि सफाई कामगार. दोन गोष्टी धरल्या होत्या: कोण मरण्याची भीती जास्त, आणि कोणाचा संपर्क जास्त. वॉचमन, मावशी, इस्त्रीवाला यांचा संपर्क आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि २१ ला घोषणा अमलात येईल म्हणजे त्या दिवशी दंडात सुई जाईल असं नाही. १ मेपासून १८ च्या वरच्यांना देणार म्हणाले होते, आठवतंय ना?

जगताप, सेक्रेटरी (दुपारी ४:३५)
दुपारभर फॉर्म चाळला. डॉक्टरांनी सांगितलं की कोविड झालेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं आहे, १९ मेचा नियम. एप्रिल-मेमध्ये पॉझिटिव्ह आलेले ३१ जण यादीत होते, ते गळले. ८४ दिवस न झालेले १७, तेही गळले. राहिले ११०. त्यात दुसऱ्या डोसचे २२, पंचेचाळीसच्या पुढचे आणि अजून एकही डोस न घेतलेले ९, बाकी ७९ तरुण मंडळी.
आता कामगार. वॉचमन, सफाईवाले, माळी आणि घरकामवाल्या मिळून पंचेचाळीसच्या आतले २० निघाले. वरच्यांना महापालिकेच्या केंद्रावर फुकट मिळते, त्यांचं नाव तुपे काका नोंदवून देतील.
२२ + ९ + २० हे आधी. उरतात ४९. ते ७९ मधल्या रोज बाहेर जाणाऱ्यांना: बँक, दुकान, कंपनीची शिफ्ट, कुरिअर. जागा उरल्या तर घरून काम करणाऱ्यांना चिठ्ठी टाकून. एकूण ३० जण वेटिंगवर राहतील.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (४:४१)
विसांचे पैसे कोण देणार? मेंटेनन्समधून असा खर्च सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. मी बँकेत छत्तीस वर्षे व्हाउचर तपासले आहेत.

रोहित, बी-७०३ (४:४३)
सिंकिंग फंड?

जगताप, सेक्रेटरी (४:४४)
त्याला हात नाही.

निखिल, ए-४०३ (४:४७)
वॉचमन एजन्सीचे आहेत. एजन्सीने द्यावेत.

तुपे काका, सी-००२ (४:५५)
एजन्सीला विचारलं मी. म्हणते बिलात लावू. म्हणजे आपणच, वर कमिशन. आणि वॉचमन तीन महिन्यांत बदलतात. ८४ दिवसांनी हा माणूस कुठल्या सोसायटीत असेल देव जाणे.

डॉ. शेख, बी-२०४ (४:५८)
कुठेही असला तरी चालेल, कोविनवर नोंद राहते. फक्त नोंदणी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर करा, एजन्सीच्या सुपरवायझरच्या नको. एका नंबरवर चारच नावं बसतात. घरकामवाल्यांमध्ये ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची घरच्या कोणाच्या तरी नंबरवर करा, आपल्या नको. नाहीतर उद्या काम सुटलं की सर्टिफिकेट मालकिणीच्या फोनमध्ये.

वंदना, सी-२०२ (५:०३)
मावशींचे पैसे त्या ज्या घरी जातात त्यांनी वाटून द्यायचे. पाच घरं असतील तर घरटी १५६. वॉचमन, सफाई आणि माळी यांच्यासाठी गणपतीची शिल्लक वापरा. गेल्या वर्षी मांडवच घातला नाही, वर्गणी पडून आहे.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (५:०९)
वर्गणी ज्या कारणासाठी गोळा केली त्याच कारणासाठी वापरावी.

तुपे काका, सी-००२ (५:१०)
आजोबा, बाप्पा काय हिशेब मागायला येणार आहे का? उत्सव समितीचा खजिनदार मीच आहे. माझी हरकत नाही.

जगताप, सेक्रेटरी (रात्री ९:१५)
कमिटीचे सातपैकी पाच जण हो म्हणाले, दोघांचं उत्तर नाही. तेव्हा दुपारची यादी कायम. कामगारांपैकी गेटच्या आतले सात गणपतीच्या शिल्लकेतून, ५,४६० रुपये. घरकामवाल्या तेरा, वंदनाताईंच्या हिशेबाने.
गेटवरचा बोर्ड उद्या सकाळी काढतोय. मास्क आणि हात धुणं कायम, सगळ्यांना, सभासदांनाही. बाहेरगावच्या पाहुण्यांचं: राज्याबाहेरून येणाऱ्यांना ४८ तासांतला आरटीपीसीआर शासनाच्या आदेशानेच लागतो, तो गेटवर दाखवायचा. राज्यातल्या राज्यात फिरण्यावर सोसायटी वेगळा नियम करणार नाही. उद्या अजितदादांची शुक्रवारची आढावा बैठक आहे, त्यात काय ते कळेल.
वेटिंगवाल्यांसाठी: एका बाटलीत दहा डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते. शेवटची बाटली अर्धी राहिली तर वाया घालवणार नाही. रविवारी दुपारी फोन जवळ ठेवा, हाक आली की दहा मिनिटांत खाली.

रोहित, बी-७०३ (९:२१)
मी वेटिंगमध्ये कितवा?

जगताप, सेक्रेटरी (९:२२)
चिठ्ठी शनिवारी. सगळ्यांसमोर.

मंजिरी काकू, ए-६०१ (९:३०)
लेकीचं नाव काढा. उद्या आम्ही कागद घेऊन महापालिकेत जातोय. तिची जागा वंदनाताईंच्या मावशींना नको, त्या आधीच आहेत यादीत, दुसऱ्या कोणाला तरी द्या.

डॉ. शेख, बी-२०४ (९:३४)
ती जागा कोविनने दिलीच नसती मंजिरीताई 🙂 यादीत धरलेली नाही.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (९:४०)
गणपतीच्या वर्गणीबाबत माझा विरोध आहे. इतिवृत्तात नोंदवावा.

जगताप, सेक्रेटरी (९:४२)
नोंदवला. आजोबा, तुम्हाला आणि काकूंना रविवारी साडेनऊची वेळ दिली आहे. पहिल्या डोसला दिलेला मोबाइल नंबर आणि तेच आधार कार्ड आणा. नंबर बदलला तर कोविन पुन्हा पहिलाच डोस दाखवतो, आणि मग दोन पहिल्या डोसची दोन सर्टिफिकेटं घेऊन फिरावं लागतं. लस घेतल्यावर अर्धा तास बसायचं आहे. पेपर आणलात तरी चालेल.

कुलकर्णी आजोबा, ए-१०२ (९:४७)
खुर्ची पंख्याखाली ठेवावी.