शनिवारच्या सिनेमाबद्दल (सर्व सभासद ग्रुप, सोमवार संध्याकाळ)

पाटणकर ए-६०२: नमस्कार मंडळी. लिहिणार नव्हतो, पण सकाळी वॉकला सगळ्यांनी हाच विषय काढला म्हणून लिहितो. शनिवारी क्लबहाऊसला 'युद्धपट' आहे असं वाचून आम्ही नातवाला घेऊन आलो. चहा धरून अडीच तास जपानी शिपाई गुहेत बसून रडतायत, आणि मधूनच हेल्मेटवर हातबॉम्ब आपटून स्वतःच्याच छातीशी धरतायत. पोर रात्री आजीला चिकटून झोपलं. हा सिनेमा निवडला कोणी?

मृणाल सी-१०४: नमस्कार काका. समितीने निवडला, म्हणजे मीच. 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा', २००६, दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड. 'लहान मुलांना आणू नये' हे नोटिशीत दुसऱ्या ओळीत होतं.

पाटणकर ए-६०२: दुसऱ्या ओळीवर कुणाच्या तरी डब्यांची जाहिरात चिकटवलेली होती.

सेक्रेटरी: लिफ्टमध्ये खासगी जाहिराती लावू नयेत हे वारंवार सांगूनही काही सभासद सहकार्य करत नाहीत 🙏

सुनीता शिंदे बी-३०४: 'काही सभासद' कशाला, नाव घ्या ना. कागद माझा आहे आणि तुम्हाला विचारूनच लावला होता. तुम्ही स्वतः अळूवडीची ऑर्डर दिली होतीत.

सेक्रेटरी: तो विषय वेगळा आहे वहिनी.

पाटणकर ए-६०२: विषयावर या. नानजिंग म्हणजे चीनमधलं शहर, तिथे जपानी सैन्याने लोकांची कत्तल केली. मुद्दा एवढाच आहे: गुहेतल्या जपानी पोरांचे अश्रू दाखवले, नानजिंग दाखवलं नाही. १९३७. याचं उत्तर कोणी देईल का?

तन्मय डी-७०१: काका, इवो जिमा बेटावरची लढाई १९४५ ला झाली. फेब्रुवारी-मार्च.

पाटणकर ए-६०२: मला सनावळ्या शिकवू नकोस. सैन्य तेच.

मृणाल सी-१०४: सैन्य तेच, पण सिनेमातला तो सायगो पावभट्टीवाला आहे हो. बायको गरोदर असताना सक्तीने उचलून नेलेला. बेटावर जवळजवळ २१ हजार जपानी होते, त्यातले जेमतेम हजारभर जिवंत हाती लागले. अमेरिकेचे सुमारे ६,८०० गेले. तेवढ्याशा बेटाखाली अठराएक किलोमीटर भुयारं खणली होती. मला वाटलं, आपण कायम वरून पाहतो, एकदा खालून बघू.

कुंटे काकू ए-१०१: खालूनच बघितला आम्ही. खुर्च्या कमी होत्या, सतरंजीवर बसवलं. पुढच्या वेळी ज्येष्ठांना खुर्च्या आधी. आणि खालची अक्षरं फार भराभर जातात.

बर्वे सी-५०३: मला मूळ गृहीतकच मान्य नाही. 'शत्रूच्या नजरेतून' असं मृणालताईंनी सुरुवातीला माइकवरून सांगितलं. कोणाचा शत्रू? जपान आपला शत्रू कधी होता? नेताजींना साथ कोणी दिली? इंग्रजांनी शिकवलेला इतिहास आपण अजून किती दिवस गिरवणार?

पाटणकर ए-६०२: बर्वे, आपण अंदमानला बरोबर गेलो होतो. होम्फ्रेगंजचं स्मारक तुम्हीही पाहिलंत. ३० जानेवारी १९४४. जपान्यांनी ४४ माणसं गोळ्या घालून मारली. आपली माणसं. महिनाभर आधी नेताजी पोर्ट ब्लेअरला येऊन गेले होते आणि त्यांना यातलं काही बघू दिलं नाही.

बर्वे सी-५०३: त्या दिवशी मी बसमध्येच थांबलो होतो. गुडघा.

तन्मय डी-७०१: 😂

बर्वे सी-५०३: यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

तन्मय डी-७०१: सॉरी काका, चुकून दाबला गेला.

ऋता (मालक बी-६०१, सध्या न्यू जर्सी): गुड मॉर्निंग फ्रॉम हिअर. मी हा थिएटरला पाहिला होता. इथे फारसं कोणी गेलं नाही, अख्खा सिनेमा जपानीत आहे म्हणून. जपानमध्ये मात्र इथल्या तिप्पट धंदा केला. आपलं दुःख परक्या माणसाने, तेही समोरच्या बाजूच्याने, नीट मांडलं याचं त्यांना अप्रूप होतं.

कुंटे काकू ए-१०१: ऋता, तुझ्या भाडेकरूंना सांग गॅलरीतलं पाणी आमच्या पापडांवर पडतं.

पाटणकर ए-६०२: ऋताने माझाच मुद्दा सिद्ध केला. जपान्यांना आवडणारच! मुद्दा एवढाच आहे: गुहेतल्या जपानी पोरांचे अश्रू दाखवले, नानजिंग दाखवलं नाही. १९३७. याचं उत्तर कोणी देईल का?

सुनीता शिंदे बी-३०४: मी उत्तर देत नाही, मला जे वाटलं ते सांगते. तो जखमी अमेरिकन पोरगा मरतो आणि त्याच्या खिशातलं आईचं पत्र तो घोडेवाला अधिकारी सगळ्यांना जपानीत वाचून दाखवतो. त्यात काय असतं? घरी सगळं ठीक आहे, कुत्र्यांनी कुंपणाखाली बीळ खणलं, असलं काहीबाही. आणि जपानी पोरं एकेक करून उठून उभी राहतात. आमचा प्रथमेश खडकवासल्याला गेल्यापासून मी त्याला हेच लिहिते. नळ दुरुस्त केला, मांजरीला पिल्लं झाली. पुढचं मला दिसलंच नाही. पाटणकर काकांना दिसलं असेल.

पाटणकर ए-६०२: वहिनी, तुमच्या भावनांचा पूर्ण आदर आहे. मी व्यक्तिगत बोलत नाही.

देसाई ए-२०३: कुत्र्यांवरून आठवलं. आपल्या कंपाउंडखालूनही भटकी कुत्री आत येतायत. पार्किंग ३ च्या मागे. फोटो टाकतो.

देसाई ए-२०३: [फोटो]

देसाई ए-२०३: [फोटो]

सेक्रेटरी: उद्या वॉचमनला सांगतो.

मृणाल सी-१०४: पाटणकर काका, तुम्ही मान्य करणार नाही, तरी सांगते. एकच बाजू गोड दाखवली असं नाही. शरण आलेल्या दोघा जपान्यांना अमेरिकन पहारेकरी कंटाळा आला म्हणून गोळ्या घालतात, आणि हे दाखवणारा दिग्दर्शक अमेरिकन आहे. शिवाय त्याने त्याच वर्षी, त्याच लढाईवर अमेरिकन बाजूनेही एक सिनेमा काढला होता, 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स'.

पाटणकर ए-६०२: मग तो आधी का नाही लावला??

मृणाल सी-१०४: हा जास्त चांगला आहे म्हणून.

पाटणकर ए-६०२: समितीला चांगलं काय ते कळतं, आम्ही फक्त वर्गणी भरायची. छान.

मृणाल सी-१०४: काका, असं मी कुठे म्हटलं? १९८१ च्या 'दास बूट'ची एक गोष्ट सांगते. जर्मन पाणबुडीवरचा सिनेमा. लॉस एंजेलिसला दाखवला तेव्हा सुरुवातीला पडद्यावर आलं, ४० हजार जर्मन खलाशांपैकी ३० हजार परत आले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेले ते बरं झालं म्हणून. दिग्दर्शक पीटरसन हादरलाच. सिनेमा संपला तेव्हा तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बर्वे सी-५०३: आपल्याकडे संपल्यावर सगळे उभे राहिले ते बटाटेवडे आले म्हणून.

मृणाल सी-१०४: त्याच्याही खूप आधी, १९३० मध्ये, पहिल्या महायुद्धावरचा अमेरिकन सिनेमा बर्लिनला लागला. सगळा जर्मन शिपायांच्या बाजूने. तरी गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर आणि दुर्गंधीचे बॉम्ब सोडले. आठवडाभरात बंदी. म्हणजे ज्यांची बाजू मांडली त्यांनाच राग! त्यांचे शिपाई घाबरलेले दाखवले म्हणून.

तन्मय डी-७०१: उंदीर आपल्या क्लबहाऊसमध्ये आधीपासूनच आहेत. गोबेल्सचा खर्च वाचला.

कुंटे काकू ए-१०१: शनिवारी एक माझ्या सतरंजीखालून गेला! मी बोलले नाही, म्हटलं सिनेमा चाललाय.

देसाई ए-२०३: पेस्ट कंट्रोलचे पैसे एप्रिलमध्ये घेतलेत. कधी झालं पेस्ट कंट्रोल?

सेक्रेटरी: कृपया एका वेळी एकच विषय 🙏

पाटणकर ए-६०२: मी तेच म्हणतोय. एकच विषय. मुद्दा एवढाच आहे: गुहेतल्या जपानी पोरांचे अश्रू दाखवले, नानजिंग दाखवलं नाही. १९३७. याचं उत्तर कोणी देईल का? आणि आता सरळ विचारतो. उद्या पाकिस्तानी सैनिकाच्या बाजूने सिनेमा काढला तर समिती लावणार का? सावंत सुभेदार ग्रुपवर आहेत. त्यांच्यासमोर लावणार का?

देसाई ए-२०३: आता बरोबर बोललात.

सावंत बी-२०१: जय हिंद. नाव घेतलंत म्हणून लिहितो. पाटणकर साहेब, मला सिनेमा आवडला. शत्रू रडका दाखवला असं तुम्ही म्हणता. मला तो तगडा दिसला. पाणी नाही, दारूगोळा नाही, मदत येणार नाही हे माहीत असून जनरल कुरिबायाशी चाळीस दिवसांच्या जवळपास लढला. समोरचा तगडा नसेल तर त्याला हरवण्यात काय मोठेपणा?

सावंत बी-२०१: पाकिस्तानचं विचारलंत. कारगिल, १९९९, टायगर हिल. कॅप्टन कर्नल शेर खान (कर्नल हे त्याचं नाव, हुद्दा कॅप्टन). आपल्यावर उलट हल्ला घेऊन आला आणि पडला. आपल्या ब्रिगेडियर बाजवा साहेबांनी त्याचं प्रेत परत करताना खिशात चिठ्ठी ठेवली, हा फार शौर्याने लढला, याचं श्रेय याला मिळावं. त्याला निशान-ए-हैदर मिळालं, पाकिस्तानचं सर्वोच्च शौर्यपदक. आपल्या माणसाच्या चिठ्ठीने सुरुवात झाली. फौजेत हे चालतं. ग्रुपवर चालत नसेल.

देसाई ए-२०३: सुभेदार साहेब, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे, पण हे असं जाहीर लिहिणं बरं दिसत नाही. मुलं वाचतात.

सावंत बी-२०१: मुलांनी वाचावं म्हणूनच लिहिलं.

देसाई ए-२०३: हा मेसेज डिलीट केला आहे

तन्मय डी-७०१: देसाई काका, वाचला आम्ही.

सावंत बी-२०१: मीही वाचला. ठीक आहे. आमच्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस, इटली, जुलै १९४४, वय बावीस. अख्खी तुकडी पडल्यावर एकट्याने जर्मनांची मशीनगन घेतली. ते कोणासाठी लढले, इंग्रजांसाठी की आपल्यासाठी, हे बर्वे साहेब ठरवतील. आम्ही लहानपणापासून हार घालतो.

बर्वे सी-५०३: मी शौर्याबद्दल बोललोच नाही. मी म्हणतो, जपान आपला शत्रू नव्हता. तेवढं मान्य करा, मी गप्प बसतो.

जिग्नेश शाह डी-३०३: मी ग्रुपवर जास्त लिहित नाही. मराठी चुकली तर सांभाळून घ्या. बर्वेभाई, एक बोट होती, तिलावा. नोव्हेंबर १९४२, मुंबईहून निघाली, आफ्रिकेला चालली होती. बरेच आपले गुजराती लोक, बायकामुलं, दुकानवाले. २३ तारखेला जपानच्या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. २८० गेले. माझ्या वडिलांचे मामा त्यात होते. घरात कोणी 'शत्रू' असा शब्द वापरला नाही, पण बा शेवटपर्यंत जपानी वस्तू घरात घेऊ देत नव्हती. रेडिओसुद्धा नाही.

सुनीता शिंदे बी-३०४: अरे देवा. शाहभाई, इतकी वर्षं शेजारी आहोत, कधी बोलला नाहीत.

बर्वे सी-५०३: वाईट वाटलं शाहभाई. मनापासून. पण युद्धात अशा गोष्टी होतात. त्यावरून नेताजींच्या मित्रराष्ट्राला शत्रू म्हणणं योग्य नाही.

तन्मय डी-७०१: बर्वे काका, एक मिनिट. तिलावा बुडवणारी पाणबुडी आय-२९.

बर्वे सी-५०३: बरं मग?

तन्मय डी-७०१: एप्रिल १९४३. नेताजी फेब्रुवारीत जर्मनीहून यू-१८० या जर्मन पाणबुडीतून निघाले होते. एप्रिलमध्ये मादागास्करजवळ भर समुद्रात रबरी होडीतून दुसऱ्या पाणबुडीत गेले, ती जपानी. तिचा नंबर वाचा.

तन्मय डी-७०१: आय-२९. तीच. पाच महिन्यांनी.

मृणाल सी-१०४: खरंच?

सावंत बी-२०१: बरोबर आहे. तीच.

कुंटे काकू ए-१०१: म्हणजे शाहभाईंच्या मामांना बुडवलं तिनेच नेताजींना नेलं?

तन्मय डी-७०१: हो काकू.

सेक्रेटरी: सूचना: उद्या सकाळी ७ ते ९ पालिकेचं पाणी येणार नाही. टँकर मागवला आहे. पाणी जपून वापरावे.

बर्वे सी-५०३: पाणबुडीचा काय दोष. तिला हुकूम येईल तिथे जाणार.

जिग्नेश शाह डी-३०३: बर्वेभाई, तुमच्यावर काही राग नाही. नेताजींचा फोटो आमच्या दुकानात पण आहे. बानेच लावलेला.

पाटणकर ए-६०२: शाहभाई, तुम्ही माझीच बाजू घेतलीत त्याबद्दल आभार.

जिग्नेश शाह डी-३०३: मी कोणाची बाजू नाही घेतली काका. मला सिनेमा आवडला. तो जनरल मरायला निघालाय आणि बायकोला लिहितो, स्वयंपाकघराची फरशी करायची राहून गेली. सगळे नवरे असेच.

सुनीता शिंदे बी-३०४: 😂 आमची अजून राहिलीच आहे. शिंदे, वाचताय ना?

पाटणकर ए-६०२: मस्करी चालू द्या. मुद्दा एवढाच आहे: गुहेतल्या जपानी पोरांचे अश्रू दाखवले, नानजिंग दाखवलं

मृणाल सी-१०४: काका, याचं उत्तर देते आणि थांबते. नाही दाखवलं. ती उणीव आहे, मी नाकारत नाही. ज्यांच्या घरची माणसं नानजिंगला गेली त्यांना हे अश्रू बघवणार नाहीत, हेही खरं. पुढच्या महिन्याचा सिनेमा तुम्ही निवडा.

पाटणकर ए-६०२: मी? बघतो. तो अमेरिकन बाजूचा मिळतो का मराठीत?

तन्मय डी-७०१: मराठीत 😂😂

बर्वे सी-५०३: त्याआधी नेताजींवर काहीतरी लावा. माझी लेखी मागणी समजावी.

देसाई ए-२०३: आणि आधी पेस्ट कंट्रोल.

ग्रुपचे सेटिंग बदलले: आता फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.

सेक्रेटरी: चर्चा भरकटत चालल्याने ग्रुप उद्या सकाळपर्यंत बंद ठेवत आहे. आता शांतपणे माझं मत मांडतो. मला व्यक्तिशः तो बॅरन निशी फार भावला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता घोडेस्वार, आणि रुबाब तर असा की बघत राहावं. शेवटी तो ज्या ऐटीत घोड्यावर बसून शत्रूवर चालून जातो, तो प्रसंग आपण सर्वांनी घेण्यासारखा आहे.

खजिनदार (अ‍ॅडमिन): सर, घोडा बॉम्बहल्ल्यात आधीच मरतो. निशी आंधळा होतो आणि स्वतःला गोळी घालून घेतो. तुम्ही चहाच्या वेळी मोटर बघायला गेलात ते परत आलाच नाहीत. प्रोजेक्टरवाल्याचं भाडंही मी माझ्या खिशातून दिलंय, तेवढं उद्या बघा.