आईचं हिमोग्लोबिन ६.२. रक्त चढवायचं का लोहाचं सलाईन?

अशोक_चौकातली_लेक:
आई ४६ वर्षांची, वजन ४८ किलो, घरी विड्या वळते. जिना चढली की धाप लागते, पाय सुजलेत. कच्चे तांदूळ मूठमूठ खाते, ओरडलं तरी ऐकत नाही. पाळी आठ-आठ दिवस चालते, तेही आत्ता कळलं. हिमोग्लोबिन ६.२, फेरिटिन ४. डॉक्टर लोहाचं सलाईन म्हणतात. गल्लीतले म्हणतात रक्तच चढवा, मावशी म्हणते बीट नि गूळ-शेंगा द्या. सलाईननं काही अपाय होणार नाही ना?

निवृत्त_सिस्टर:
ताई, बायकांच्या वॉर्डात आयुष्य गेलंय माझं, म्हणून स्पष्ट सांगते. फेरिटिन ४ म्हणजे शरीरातला लोहाचा साठाच संपलाय. तांदूळ खायची ओढही बहुतेक त्यामुळेच, ओरडू नका तिला. तिच्या वजनाला साधारण सव्वा ते दीड हजार मिलिग्रॅम लोह लागेल. रक्ताच्या एका पिशवीत असतं दोनशे-अडीचशे, आणि हिमोग्लोबिन वाढतं एखाद्या ग्रॅमनं. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, रक्तस्राव थांबत नसणं, असं असेल तर मात्र रक्त लागतं, तेव्हा घरी थांबायचंच नाही. पाय सुजल्याचं डॉक्टरांना सांगितलंय का? हृदयावर ताण आलाय का ते सलाईनच्या आधी बघू देत.

लोहाच्या सलाईनमधलं आयर्न सुक्रोज हे औषध एका वेळी २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे खेपा होतात. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज हे दुसरं औषध एका बैठकीत १००० पर्यंत जातं, पण महाग पडतं. दमा, ॲलर्जी, ताप असेल तर आधीच सांगा. सुई लावलेल्या जागी आग झाली किंवा फुगलं तर लगेच हाक मारा. औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, तो लवकर जात नाही. झाल्यावर अर्धा तास तिथंच बसवा.

गूळ-शेंगा खाऊ देत की, पण एवढी तूट त्यानं भरत नाही.

आसरा_चौक:
माझ्या बायकोला लोहाच्या गोळ्या होत्या. शौच काळी होते, घाबरू नका. डॉक्टरांनी एक दिवसाआड दिल्या, त्यानं पोटाचा त्रास कमी झाला. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घ्यायची नाही. हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने चालू ठेवल्या, साठा भरायला.

अशोक_चौकातली_लेक:
पायांचं सांगितलंच नव्हतं, आज संध्याकाळीच जाते. डॉक्टरांनी सोनोग्राफीही लिहिलीय, पण आई नको म्हणते. लाजते.

निवृत्त_सिस्टर:
ती टाळू नका. गर्भाशयात गाठ असेल नि रक्त असंच जात राहिलं तर भरलेलं लोह पुन्हा जाणार. बाई डॉक्टर मागा, तुम्ही आत सोबत थांबा. या वयात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगतील, त्यालाही हो म्हणा. मूळव्याधीतून रक्त जातं का, तेही विचारा तिला. बायका ते तर आणखीच लपवतात.