कौटुंबिक हिंसाचार, विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्यात सापडलेली) मुलं, तुरुंग: मराठीत नीट वाचण्यासारखं काय आहे?

कर्वेनगर_एमएसडब्ल्यू:
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या मास्टर्सच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, फील्डवर्क एका समुपदेशन केंद्रात लागलंय आणि क्लासच्या नोट्सचा तिथे काडीचा उपयोग होत नाहीये. बाई येते, म्हणते नवऱ्याने घराबाहेर काढलं, घर सासऱ्याच्या नावावर आहे, आणि मी मनातल्या मनात कल्याणकारी राज्याची व्याख्या आठवत बसते. अप्पा बळवंत चौकात विचारलं तर परीक्षेची गाइडं हातात ठेवतात. कुटुंब संरक्षण, समाजकल्याण, गुन्हे आणि शिक्षा यावर खरंच काय वाचावं? मराठी असेल तर उत्तमच, इंग्लिश चालेल पण जाडजूड नको प्लीज.

शिवाजीनगर_कोर्ट:
आधी बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) घ्या, बाकी सगळं नंतर. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा, लागू झाला ऑक्टोबर 2006 मध्ये, पातळसं पुस्तक आहे, एका बसणीत होतं. कलम 12 चा अर्ज, 17 आणि 19 राहण्याचा हक्क, 20 पैसे, 23 अंतरिम आदेश, एवढं पाठ करा. तुमच्या त्या सासऱ्याच्या घराचं उत्तर पण आहे. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सतीश आहुजा केसमध्ये सांगितलंय की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं म्हणून सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही. तो निकाल मूळच वाचा, यूट्यूबवरच्या वकिलांचं ऐकू नका.
आणि जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. 1 जुलै 2024 पासून सासरच्या छळाचं 498अ गेलं आणि भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) 85-86 झालं, पोटगीचं 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) 144. जुना नंबर टाकलेला अर्ज घेऊन लोक अजून येतात.

निवृत्त_परिविक्षा:
वकीलसाहेबांचं बरोबर आहे पण नुसती कलमं वाचून ही मुलगी कंटाळेल हो. नोकरीभर मी प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांच्या, केसेस केल्या, 1958 चा कायदा आम्हालाही पाठ होता, समोरचा माणूस मात्र त्यातून कळत नव्हता. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' वाच. 1882 चं, पुण्यातच छापलेलं. ते निघालं कशातून, तर सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशी सुनावली (पुढे ती काळ्या पाण्यावर आली) आणि पेपरांनी बायकांच्याच नीतीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंचा प्रश्न साधा होता, तिला तिथवर कोणी नेलं? त्याच्या आधी 1863 मध्ये याच शहरात जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. एकाच गुन्ह्यावर सरकारकडे फाशी आणि फुल्यांकडे बाळंतपणाची खोली! समाजकल्याणाच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर पाहिजे, असतं का?
दुसरं, लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन 'उचल्या'. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, तो रद्द झाला 1952 मध्ये, पण पोलिसाच्या डोक्यातून गेला का हे त्यात दिसतं.

पेठेतला_पुणेकर:
पुस्तकं कशाला, कल्याणीनगरच्या पोर्शेवाल्या पोरासारखा 300 शब्दांचा निबंध लिहा, सुटाल.

शिवाजीनगर_कोर्ट:
@पेठेतला_पुणेकर आलाच का तो विषय 😄 2024 मध्ये गाडीखाली दोघांचा जीव घेतलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला निबंध लिहायला सांगून जामीन दिला, त्या अटीवर राग आला तो ठीकच, पण 'मोठा समजून खटला का नाही' हे विचारणाऱ्यांनी 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 15 वाचावं. सोळा ते अठराच्या मुलावर तसा खटला फक्त 'निर्घृण' गुन्ह्यात चालू शकतो, आणि गुन्हा 'निर्घृण' धरायला किमान शिक्षा सात वर्षं लागते. सदोष मनुष्यवधाला, म्हणजे जुन्या 304 ला, कमाल शिक्षा मोठी होती पण किमान अशी नव्हतीच. 2020 च्या शिल्पा मित्तल निकालात हाच घोळ सुप्रीम कोर्टाने सोडवलाय, आणि तो निकाल दिल्लीच्या केसमधला, कल्याणीनगरच्या चार वर्षं आधीचा. चिडायचं असेल तर कायदा करणाऱ्यांवर चिडा.

मुळशीची_वैशाली:
इंग्लिश चालेल म्हणालीस म्हणून, फ्लेविया अ‍ॅग्नेस यांचं 'लॉ अँड जेंडर इनइक्वॅलिटी', 1999 चं. सलग नको वाचूस, लग्न आणि मालमत्तेची प्रकरणं घे. मग दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीचा 2013 चा रिपोर्ट, नेटवर फुकट, जाडजूड आहे पण लागेल तेवढंच वाच. आणि मथुरा केस, आपल्या गडचिरोलीकडची, 1972 ची, मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यातच झालेल्या बलात्काराची. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, आंदोलनं झाली आणि 1983 ला बलात्काराचा कायदा बदलला. ते पत्र जेमतेम काही पानांचं आहे, मी तर म्हणेन त्यापासूनच सुरू कर.

कर्वेनगर_एमएसडब्ल्यू:
बापरे, थँक्यू सगळ्यांना!! पत्र आजच शोधते. सर, 'उचल्या' आईकडे आहे, मी कादंबरी समजून बाजूला ठेवलं होतं. तुरुंगावर काही?

निवृत्त_परिविक्षा:
पुस्तकाआधी एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, तुरुंगांचा वार्षिक अहवाल उघड. आत असलेल्या चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच व्हायचाय. मग सुप्रीम कोर्टाचा 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल, तुरुंगात जात बघून कामं वाटण्यावरचा. 'उचल्या' संपल्यावर वाच, आधी नको.

शिवाजीनगर_कोर्ट:
बीएनएसएस 479 पण बघून घ्या त्याच ओघात. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका मागता येते, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. जुन्या पुस्तकांत निम्मा काळ लिहिलेला सापडेल.