सल्ला हवा: १९७० सालची एमजीबी जीटी गरम झाली की बंद पडते

टेम्सकाठी:
नमस्कार मंडळी. मी इकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. गेल्या वर्षी हौसेने १९७० सालची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर, म्हणजे पॉइंटवाला (कॉइलची वीज चालू-बंद करणारे यांत्रिक संपर्क). थंड असताना चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू होते. पण वीसेक मिनिटं चालवली, त्यातही ट्रॅफिकमध्ये, की थोडी मिसिंग करते आणि मग एकदम बंद. सेल्फ छान फिरतो, इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू!

एका गॅरेजने कार्बोरेटरचं काम आहे म्हणून दोन्ही उघडले, सुया आणि जेट नवे टाकले. बिल भरलं, दुखणं तसंच. प्लग, पॉइंट, त्यांना जोडलेला कंडेन्सर (छोटा कपॅसिटर), डिस्ट्रिब्युटरचा रोटर, कॅप हे सगळं वसंतात नवंच घातलंय, त्यामुळे त्यात काही नसावं. आता कोणी म्हणतं ठिणगीचा उच्च दाब तयार करणारी कॉइल बदल, कोणी म्हणतं पेट्रोल पंप, कोणी सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव म्हणतं. आधी काय करू?

कोथरूडचा अँबीवाला:
ताई, रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं चाललंय. आधी सामान घेणं थांबवा.

माझी एमजी नाही, अँबॅसिडर आहे. पण तिचं १४८९ सीसी इंजिन आणि तुमचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी सिरीजमधले. गोत्र एक, फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तीच, १-३-४-२. म्हणून बोलायचं धाडस करतो.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, यात दोनच शक्यता: स्पार्क जातोय किंवा पेट्रोल जातंय. यातलं कोणतं, ते गाडी बंद पडलेली असतानाच कळतं. थंड झाल्यावर तपासलं की सगळं ठणठणीत दिसणार, तुमच्या गॅरेजवाल्याला दिसलं तसं. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा, मागे कोणी नसेल तर, कडेला घेता घेता दोन सेकंद क्लच दाबू नका. गाडी गिअरमध्ये ढकलली जातेय, म्हणजे इंजिन फिरतंय. तेवढ्यात आरपीएम मीटर बघा. इंजिन फिरत असूनही काटा धाडकन शून्यावर पडला तर कॉइलच्या प्राथमिक बाजूचा, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूचा घोळ. काटा इंजिनबरोबर हळूहळू खाली आला तर ती बाजू चालू आहे. मग पेट्रोल बघा, नाहीतर रोटर, कॅप, एचटी लीड (प्लगकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या वायरी).

या एका नजरेत अर्ध्या वस्तू यादीतून बाद होतात.

मिडलँड्सकर:
अँबीवाल्यांशी सहमत, पण मला पेट्रोलचा वास येतोय. इथे सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालंय. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, आणि एमजीबीचे कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वर बसतात. ट्रॅफिकमध्ये फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला वेळ लागत नाही. मधला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे ना? मागच्या मालकांनी काढून ठेवलेला अनेकदा पाहिलाय.

दुसरं, बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय.

तिसरं, चावी चालू करून पंप ऐका. एसयूचा इलेक्ट्रिक पंप मागे ॲक्सलच्या बाजूला असतो. चार-सहा टिकटिक आणि शांतता, हे चांगलं लक्षण. थांबतच नसेल तर पेट्रोल येत नाहीये किंवा नळी हवा ओढतेय. आवाजच नसेल तर पंपाच्या आतले पॉइंट चिकटले असतील. स्पॅनरच्या दांड्याने हलकीच टिचकी मारा, घरी पोचण्यापुरता चालेल.

टेम्सकाठी:
पेट्रोल पहिल्यापासून सुपर, ई५च (कमी इथेनॉलवालं) घालते. पत्रा जागेवर आहे, आत्ताच पाहिला. पंपाचं पुढच्या वेळी ऐकेन.

शॉर्टसर्किट:
पंप ऐकण्यात आणखी एक फायदा आहे. या गाडीत कॉइल आणि पंप दोघांना एकाच पांढऱ्या वायरमधून वीज येते, आणि त्या वायरला फ्यूज नाही. पंप टिकटिकतोय पण स्पार्क नाही, तर चावीच्या स्विचला दोष देऊ नका. दोन्ही मेले असतील तर उलट स्विच आणि पांढऱ्या वायरीचे जोडच आधी बघा.

त्यापुढे मल्टिमीटर घ्या, स्वस्तातला चालेल. काळं टोक बॉडीला, लाल टोक कॉइलच्या प्लस टर्मिनलला: चावी चालू असताना बॅटरीइतका व्होल्टेज हवा. मग लाल टोक मायनसला, जिथून पांढरी-काळी वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. कॅप काढून पॉइंट बघा. बंद असतील तर जवळपास शून्य, उघडे असतील तर पुन्हा १२. पॉइंट बंद असूनही १२च राहिलं तर आतली अर्थिंगची छोटी विणलेली वायर तुटलीय किंवा पॉइंटवर तेल बसलंय. पॉइंट उघडे असूनही शून्य राहिलं तर कुठेतरी अर्थ होतंय, म्हणजे वीज बॉडीला उतरतेय. अशा वेळी कॉइलच्या मायनसवरून ती पांढरी-काळी वायर काढा. लगेच १२ आले तर कॉइल निर्दोष, चोर डिस्ट्रिब्युटरच्या आत.

तुमची गाडी निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेलं) असणार म्हणून हे असं लिहिलं. १९६७च्या शेवटापर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ होत्या. दुसऱ्या कोणी हे वाचून करणार असेल तर आधी बॅटरी बघा.

सदाशिवपेठी:
कॉइलवर काय छापलंय तेही वाचा. १९७४च्या शेवटी काळ्या रबरी बंपरच्या गाड्या आल्या, त्यांना बॅलास्टवाली, म्हणजे बाहेर वेगळा रोध लागणारी कॉइल असते, प्राथमिक रोध दीड ओहमच्या आसपास. तुमच्या गाडीला तीन ओहमची हवी. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारख्याच. दीडवाली चुकून लागली असेल तर तापून असाच त्रास देणार, आणि पॉइंटही जाळणार.

टेम्सकाठी:
मंडळी, मुद्दाम गाडी बंद पाडायला म्हणून बाहेर पडले आणि ती पडली! काटा धाडकन शून्यावर. पंप टिकटिक करून थांबला, म्हणजे पेट्रोल पोचतंय. टाकीच्या झाकणाचा फुस्स नाही. कॉइल ३.१ ओहम. प्लसला १२.३ व्होल्ट. मायनसला पॉइंट उघडे असताना शून्य! पांढरी-काळी वायर काढली तर १२.३.

म्हणजे चोर आत. पण आत सगळं नवीन आहे हो.

कोथरूडचा अँबीवाला:
नवीन आहे म्हणूनच. वाईट वाटून घेऊ नका, पण हल्ली बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरपैकी बरेच तीस-चाळीस वर्षं डबीत पडलेल्या जुन्यापेक्षा वाईट निघतात. थंड असताना ठीक, तापले की आतून शॉर्ट. कंडेन्सरची वायर पॉइंटवरून सोडवा आणि पुन्हा मोजा. १२ आले तर तोच. नाही आले तर पॉइंटच्या नटाखालचे इन्सुलेटिंग वॉशर बघा. कंडेन्सरची आणि एलटीची (कॉइलकडून येणारी १२ व्होल्टची) अशा दोन्ही वायरींची टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण नटाच्या खांबाला नाही. क्रम चुकला की झालं अर्थिंग. शिवाय एलटीची वायर कुठे सोललीय का बघा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सने (ठिणगीची वेळ आपोआप पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणेने) पॉइंटची प्लेट हलते तशी ती घासते.

टेम्सकाठी:
कंडेन्सरच! गरम असतानाच सोडवला आणि १२ आले. वॉशर आणि वायर ठीक आहेत. मागच्या मालकाने दिलेल्या डब्यात त्याने काढलेला जुना कंडेन्सर होता, गंजलेला, तोच बसवला. काल लंडनच्या दिशेने भर ट्रॅफिकमध्ये नेऊन आणली, एकदाही हूं की चूं नाही. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

आता पुढचं: इलेक्ट्रॉनिक करून टाकू का?

मिडलँड्सकर:
करा. माझी तशीच आहे. पॉइंटचं गॅप बघणं नाही, कंडेन्सरच नाही.

शॉर्टसर्किट:
मी म्हणेन घाई नको. पॉइंट बिघडताना आधी कुरकुरतात. पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जातो तेव्हा न सांगता जातो, आणि रस्त्याच्या कडेला त्याचं काही करता येत नाही. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तर काही मॉड्यूल जळतातही. शिवाय १९७०च्या गाडीचं आरपीएम मीटर कॉइलच्या करंटवर चालतं, काही मॉड्यूलबरोबर ते नीट चालत नाही. ज्या मीटरने तुम्हाला चोर दाखवला तेच आंधळं करायचं का? बसवलंच तर पॉइंट लावलेली जुनी प्लेट डिकीत ठेवा.

आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवून बघा. बुश झिजून खेळ झाला असेल तर पॉइंटचा ड्वेल (शाफ्ट किती अंश फिरेपर्यंत पॉइंट बंद राहतात ते) स्थिर राहत नाही. २५डी४ला तो ६० अंश, तीन इकडे तीन तिकडे. तो स्थिर असेल तर मी पॉइंटच ठेवीन.

सदाशिवपेठी:
रोटरही बघून घ्या. वरच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट असलेला असेल तर बदला. रिव्हेटमधून ठिणगी खाली शाफ्टला उतरते, तीही तापल्यावरच, आणि तेव्हा आरपीएम मीटर काहीच सांगत नाही. बिनरिव्हेटचा मिळतो, लालसर रंगाचा असतो बहुधा.

टेम्सकाठी:
माझा रिव्हेटवालाच आहे. मागवते. ड्वेल मीटर शेजारच्या आजोबांकडे आहे, शनिवारी मोजते. आणि तो गंजलेला कंडेन्सर किती दिवस विश्वासाने चालवावा?

कोथरूडचा अँबीवाला:
चालतोय तोवर चालवा, पण जोडीला एक सुटा ठेवा. तो आतच बसवायला हवा असं नाही. वाटेत गेला तर आतल्याची वायर सोडवायची, सुट्याची वायर कॉइलच्या मायनसला आणि त्याचा पत्रा बॉडीच्या कुठल्याही स्वच्छ स्क्रूला. पॉइंटच्या कुठल्याही चार सिलिंडर गाडीचा चालतो, साधारण ०.२ मायक्रोफॅरड असला की पुरे. बाहेर राहतो म्हणून तापतही कमी, मी माझा कायमचा तिथेच लावलाय. पॉइंटचं गॅप मात्र पुन्हा एकदा बघा, ०.०१४ ते ०.०१६ इंच, नवे पॉइंट सुरुवातीला बसताना कमी होतं. गॅप बदललं की ठिणगीचं टायमिंगही बदलतं, तेव्हा टायमिंग लाइट त्यानंतरच लावा.