जॅझ-राग मैफलीतल्या 'इम्प्रोव्हायझेशन'ला उपज म्हणावे का?

कोमल धैवत: परवा सतार, तबला, सॅक्सोफोन आणि डबल बास अशी मैफल ऐकली. त्यावर मराठीत लिहायला बसले आणि 'इम्प्रोव्हायझेशन'पाशी अडले. 'उत्स्फूर्त वादन' म्हटलं की वक्तृत्व स्पर्धा आठवते. आपल्या गाण्यात ऐनवेळी सुचलेल्या विस्ताराला म्हणतात ती 'उपज' चालेल का? शिवाय निवेदक उठसूट 'जुगलबंदी' म्हणत होते, ते बरोबर आहे?

ठेका: उपजच म्हणा. 'गायकाची उपज चांगली आहे' हे आपण म्हणतोच की. फरक एवढाच, की आपली उपज रागाच्या चलनातून, म्हणजे स्वरांच्या ठरावीक वळणांतून फुलते. जॅझवाला बहुतेकदा ठरलेल्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) क्रमावर वाजवतो. हा क्रम संपला की पुन्हा पहिल्यापासून. या एका फेरीला ते 'कोरस' म्हणतात. मराठीत कोरस म्हणजे समूहगान, तेव्हा तो शब्द नकोच. 'आवर्तन' म्हणावं, तर बारा बारचा ब्लूज (जॅझमधला एक ठरलेला साचा) दर बारला चार मात्रा या हिशेबाने 48 मात्रांचा होतो, आणि आवर्तन म्हटल्यावर आपला कान सोळा मात्रांत सम शोधायला लागतो. साधं 'फेरी' लिहा.

जुगलबंदी मात्र दोन बरोबरीच्या कलाकारांची. सॅक्सोफोन आणि तबला चार-चार बार आलटून पालटून वाजवत असतील, तर ते सवाल-जवाब. जॅझमध्येही ही रीत जुनीच आहे.

मंद्र: आणि 'फ्यूजन'चं काय? 'मिश्र संगीत' कसं वाटतं?

ठेका: घोटाळा होईल. मिश्र पिलू हा राग आहे, लयीतली मिश्र जाती सात मात्रांची. 'मिलाफ' गोड आहे, पण सरकारी कार्यक्रमपत्रिकेतला. फ्यूजनच राहू दे. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये 1967 साली ध्वनिमुद्रिकेचं नावच 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' ठेवलं होतं. 'शक्ती' या बँडमध्ये तबलावादक झाकीर हुसेन आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन एकत्र आले ते त्यानंतर.

कोमल धैवत: प्रत्येकाचं एकल वादन संपलं की टाळ्या पडत होत्या, मधेच समेवर कुणीतरी 'क्या बात है'. दोन्हीला 'दाद' लिहिलंय.

ठेका: उत्तम.

मंद्र: जाता जाता, जॅझच्या हेलकावत्या लयीला 'स्विंग' म्हणतात, त्याला 'झुलती लय'?

ठेका: आपला दादरा तालही झुलतोच की हो! स्विंग राहू द्या. क्रिकेटमुळे तो शब्द तरी घरोघरी पोचलाय, अर्थ वेगळा असला म्हणून काय झालं.