स्वस्तातला डेटा आणि अ‍ॅनालिसिस टूल: पैसे नेमके कशावर घालायचे?

स्विंगवाला
50 शेअर्सची वॉचलिस्ट आहे, निर्णय बाजार बंद झाल्यावर घेतो. चार्ट फुकटचे. आता बॅकटेस्ट, म्हणजे माझा नियम जुन्या भावांवर चालवून बघणं, करायचीय. लाइव्ह फीडचं (बाजार चालू असताना सतत येणाऱ्या भावांचं) सबस्क्रिप्शन घेऊ, की जुना डेटा घेऊन पायथनवर भागवू? आणि एकाच नियमाचे निकाल दोन ठिकाणच्या डेटावर वेगळे येतात, ते का?

ओएचएलसी
लाइव्ह फीड नकोच. दिवसाअखेरच्या डेटावर निर्णय घेणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

निकाल वेगळे येतात ते बहुतेक अ‍ॅडजस्टमेंटमुळे, म्हणजे स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) किंवा डिव्हिडंडनुसार जुने भाव बदलून घेण्यामुळे. एनव्हिडियाचं बघा. 7 जून 2024 चा बंद भाव 1208.88 डॉलर. 10 जूनपासून शेअर 1 चे 10 झाले, म्हणून अ‍ॅडजस्ट केलेल्या फाइलमध्ये तोच भाव 120.89 दिसतो. न केलेल्या फाइलमध्ये एका रात्रीत 90 टक्के पडझड दिसते, खोटा स्टॉपलॉस (तोटा रोखायची विक्री) लागतो आणि 200 दिवसांची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (सरकती सरासरी) पुढची जवळपास 200 सत्रं नासते. भाव 10 ने भागला तर जुना वॉल्यूम 10 ने गुणलेला हवा. हे अनेकदा राहून जातं.

त्यात काही सेवा फक्त स्प्लिट धरतात, काही डिव्हिडंडही वजा करतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नव्या डिव्हिडंडनंतर मागचे सगळे भाव बदलतात. त्यामुळे जुन्या सीएसव्ही फाइलला रोजची ओळ जोडत बसू नका, त्या शेअरची अख्खी फाइल पुन्हा उतरवा.

बंद पडलेल्या, डीलिस्ट झालेल्या (एक्स्चेंजवरून उतरवलेल्या) कंपन्या डेटात आहेत का, हेही विचारा. नसतील तर बॅकटेस्ट उगाच गोड दिसते. पैसे घालायचेच तर इथे घाला.

स्विंगवाला
आणि उद्या 15 मिनिटांच्या कँडलवर (तेवढ्या वेळातला सुरुवातीचा, हाय, लो आणि बंद भाव) गेलो तर?

टिकमोजणी
मग मात्र फीड लागेल. आरईएसटी एपीआयवर (दर वेळी विनंती करून भाव मागवायची सोय) सेकंदाला एकच विनंती चालत असेल तर 50 शेअर्सचा फेरा 50 सेकंदांचा. शेवटच्या शेअरचा भाव येईपर्यंत पहिल्याचा शिळा. वेबसॉकेट घ्या, म्हणजे जोडणी उघडी राहते आणि भाव आपोआप येत राहतात.

विकणाऱ्याला एक गोष्ट लेखी विचारा: प्रत्येक सौदा येतो, की ठरावीक वेळाने फक्त त्या क्षणाचा भाव (स्नॅपशॉट)? स्नॅपशॉटमध्ये दोन क्षणांमधला हाय-लो निसटतो, म्हणून तुमची कँडल एक्स्चेंजच्या कँडलशी जुळत नाही. वॉल्यूम बऱ्याचदा दिवसाचा एकूण येतो. कँडलचा वॉल्यूम वजाबाकीने काढावा लागतो, आणि मध्ये कनेक्शन तुटलं की त्या काळातला सगळा आकडा जोडणी झाल्यावरच्या पहिल्या कँडलवर येऊन पडतो. ब्रेकआउट (मोठ्या वॉल्यूमची खरी उसळी) समजून उडी मारणारे इथेच फसतात. तुटलेली मिनिटं जुन्या डेटाच्या एपीआयवरून भरून घ्या.

याहूवरून वायफायनान्स या पायथन लायब्ररीने डेटा ओढणं शिकायला ठीक, पण ते अधिकृत नाही, कधीही बंद पडू शकतं. 1 मिनिटाच्या कँडल एका विनंतीत मोजक्याच दिवसांच्या मिळतात.

ओएचएलसी
ट्रायलमध्ये स्प्लिट झालेले दोन-तीन शेअर, एक डीलिस्टेड आणि एक कमी उलाढालीचा तपासा. वेळेचा शिक्का कँडलच्या सुरुवातीचा आहे की शेवटचा, तेही बघा. सुरुवातीचा शिक्का शेवटचा समजलात तर बॅकटेस्टला भविष्यातला भाव दिसतो.

फॉर्मवर 'प्रोफेशनल की नॉन-प्रोफेशनल' असा रकाना असेल तर खरं तेच भरा. एक्स्चेंजची फी त्यावर ठरते, आणि चुकीचं भरल्यास मागचा फरक वसूल होऊ शकतो.